पोस्टमनचं गाऱ्हाणं

मालवणात मी ज्या वाचनालयात काम करते, तिथे दुपारी चार-पाच निवृत्त मंडळी वर्तमानपत्रं वाचायला येतात. वाचून झालं की वाद घालतात. गेल्या वर्षभरात त्यांचा आवडता विषय म्हणजे जुन्या विनोदी मालिका इतक्या वर्षांनी नव्याने काढाव्यात की नाही. एक गट म्हणतो, आमच्या आठवणींना हात लावू नका. दुसरा म्हणतो, नातवंडांना दाखवायला चांगलं काही तरी मिळेल. निवाड्यासाठी ते माझ्याकडे येतात, कारण अशा एका मालिकेला मी मदत केली आणि तिच्या शेवटी माझं नाव झळकलं हे त्यांना माहीत आहे. पूर्वी मी ठामपणे सांगायचे की जरूर काढाव्यात. आता कोणी विचारलं की मी कपाटातली पुस्तकं लावायला उठते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बाबा पाडेली, म्हणजे लोकांच्या बागेत माडावर चढून नारळ पाडायचं काम करायचे. आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या काकीकडे होता, आणि दर गुरुवारी संध्याकाळी अर्धी वाडी तिच्या पडवीत जमायची. ती मालिका शहरातल्या एका लहानशा पोस्ट ऑफिसची होती. तिकिटं विकणारी बाई, चिडका साहेब, आणि आमच्याकडचा एक म्हातारा पोस्टमन. तो पोस्टमन मालवणी बोलायचा. साहेब त्याला म्हणायचा, नीट बोला. तो शांतपणे म्हणायचा, "नीटच बोलतंय साहेब, तुमी नीट आयका." पडवीत हशा पिकायचा तो साहेबावर. मालिकेत रेकॉर्ड केलेलं हसू नव्हतं. कुठे हसायचं ते आम्ही ठरवायचो.

बाबा त्या पोस्टमनला "आपलो माणूस" म्हणायचे. दिवसभराच्या कामाने अंग दुखत असलं तरी गुरुवार चुकवायचे नाहीत.

बारावीनंतर मी शिकायला शहरात गेले. हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही, म्हणून एका खोलीत तिघीजणी भाड्याने राहिलो. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "मला"ऐवजी "माका" म्हणून गेले आणि मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. त्यातल्याच एकीने मग विचारलं, "तू त्या पोस्टमनच्या गावची का गं?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्या मला पोस्टमनची नात म्हणायला लागल्या, पण प्रेमाने. परीक्षेच्या आधी "आजोबांना सांग, पेपर सोपा पाठवा" म्हणायच्या. एका मालिकेतल्या खोट्या माणसामुळे माझी खरी भाषा त्या वर्गात मान वर करून बसली. हे उपकार मी कधी विसरले नाही. पुढे जे झालं ते याच उपकारांमुळे झालं, असं मला आता वाटतं.

आई गेल्यावर मी बाबांजवळ राहायला आले. रोज एसटीने मालवणला जाते-येते. दीड वर्षापूर्वी एका दुपारी वाचनालयात तिशीतली एक मुलगी आली. साधी, हसरी, पायात धुळीने भरलेल्या चपला. ती मालिका मोबाइलवरच्या एका ॲपसाठी नव्याने येणार होती आणि ही तिच्या लेखकांपैकी एक होती. म्हणाली, "ताई, माझी आई ही मालिका बघायची. मला ती बिघडू द्यायची नाहीये. नवा पोस्टमनही तुमच्याकडचाच आहे. त्याची भाषा खरी हवी."

मला वाटलं, फेडायची वेळ आली.

आठ दिवस ती रोज येत होती. मी तिला वाक्यं सुधारून दिली. कोण कोणाला रे म्हणतो, कोण गो, बाईमाणसाशी बोलताना आवाज कुठे खाली येतो, सगळं सांगितलं. पैसे मी घेतले नाहीत, तिने दोनदा विचारलं तरी. मग निदान आभारात तुमचं नाव घालू, असं ती म्हणाली. शेवटी ती म्हणाली, एका भागात पोस्टमन गाऱ्हाणं घालतो असं दाखवायचंय, खरं गाऱ्हाणं ऐकायला मिळेल का?

आमच्याकडे गाऱ्हाणं घालणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून माणसाचं म्हणणं मोठ्याने देवाला सांगणं. एकजण सांगतो आणि भोवतालचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. गावात हे काम आमच्या घराण्याकडे आहे. जत्रेला मुंबईहून आलेले लोक बाबांच्या कानात आपली अडचण सांगतात. कोणाला मूल नाही, कोणाचं भावाशी पटत नाही. बाबा ती कोणाची लाज जाणार नाही अशा शब्दांत देवापर्यंत पोचवतात. त्यांचा आवाज चांगला आहे, पण लोक आवाजासाठी येत नाहीत.

मी तिला घरी घेऊन गेले. बाबा घरापुढच्या खळ्यात बसून सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, सुकत घालत होते.

"बाबा, हेंका एक गाऱ्हाणा आयकूचा आसा. असाच, नमुन्याक."

बाबांनी तिला पाणी दिलं, मग माझ्याकडे बघितलं. "नमुन्याक म्हंजे?"

"म्हंजे खरा नाय. घातल्यासारख्या करा."

"कोणाक सांगू ता? नारळ नाय, देव नाय, आणि मागणा नाय. गाऱ्हाणा खोटा घालूक येणा नाय गो. तो वर बसलेलो कान देता, मगे तेका काय सांगू, गंमत करी होतंय म्हणान?"

काकी कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. "मगे खराच घाला," ती म्हणाली. "तेंचो खेळ चलांदे म्हणान घाला. मागणा झाला, देव तिथे राखणो आसा, आणि नारळ काय तुमच्याकडे कमी आसत? गाववाल्यांचे पाडून पाडून हात झिजले."

बाबा हसले. त्यांना ते पटलं. हातपाय धुऊन, डोक्याला टॉवेल बांधून ते घरामागच्या राखण्याच्या दगडापाशी गेले. राखणो म्हणजे जागेचा राखणदार. काकी, तिचा मुलगा, मी आणि वाटेने जाणारे दोघे एवढेजण व्हय म्हाराजा म्हणायला उभे राहिलो. ती मुलगी मोबाइल धरून बाजूला. तिने आधी विचारलं होतं, "रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" बाबांनी माझ्याकडे बघितलं होतं आणि मी मान हलवली होती.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली, "आज ही शिकलेली माणसा तुझ्या दारात इली आसत. तेंनी जो खेळ मांडल्यानी तो सुखान पार पडांदे."

"व्हय म्हाराजा."

"बघणाऱ्याक बरा वाटांदे, करणाऱ्याक यश गावांदे."

"व्हय म्हाराजा."

मला वाटलं संपलं. पण बाबा थांबले नाहीत. खरं गाऱ्हाणं घालायचं म्हणजे खरं मागणं हवं, आणि त्यांचं खरं मागणं त्या मालिकेसाठी नव्हतंच.

"ह्या कामात माझ्या चेडवान हात घातल्यान आसा. ता परक्या गावात एक येळ जेवान शिकला. माका सांगूक नाय तरी माका म्हायत होता. तेव्हा मी तेका काय देवक शकलंय नाय. आता तू दी."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. या वाक्याला व्हय म्हाराजा मी म्हटलं नाही. काकीने म्हटलं.

कॉलेजची दोन वर्षं मी दिवसातून एकदाच जेवायचे. खोलीतल्या मुलींनाही सांगायचे की मला रात्री भूक लागत नाही. बाबांना हे कधी कळलं, कोणी सांगितलं, मला माहीत नव्हतं. त्यांनी पंधरा वर्षांत विषय काढला नव्हता. त्या दिवशीही घरात येऊन त्यांनी फोडलेल्या नारळाची एक कवड त्या मुलीच्या हातात दिली आणि "चाय घेवन जावा" एवढंच म्हणाले. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, हे मी आजही म्हणेन.

मालिका यंदा आली. गाऱ्हाण्याचा भाग कधी आहे हे तिने मला आधी कळवलं. काकीच्या मुलाने मोबाइल टीव्हीला जोडला. जुन्या सवयीने पडवीत माणसं जमली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी वाडीला सांगून ठेवलं होतं की शेवटी माझं नाव येणार आहे, उठून जाऊ नका.

नवा पोस्टमन जाडा होता आणि त्याची पँट सारखी खाली घसरत होती. तो तोंड उघडण्याआधीच टीव्हीतले न दिसणारे लोक हसायला लागले. पोस्टातला कॉम्प्युटर बंद पडतो. साहेब ओरडतो. पोस्टमन डोक्याला टॉवेल बांधतो, कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो. शब्द बाबांचे. थांबणंही बाबांचंच, तेवढंच.

"ह्यो कांपुटर माझ्या चेडवासारखो. परक्या गावात एक येळ जेवान शिकलो. माका सांगूक नाय तरी माका म्हायत होता."

हशा. मग तिकिटंवाली बाई म्हणते, "म्हणूनच हँग होतो," आणि आणखी मोठा हशा.

पडवीत दोन पोरं हसली आणि गप्प झाली. कॉम्प्युटर चालू होतो, सगळे नाचतात, भाग संपतो. मग अक्षरं वर सरकू लागली. विशेष आभार, आणि त्याखाली माझं नाव. कोणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या, कारण मी तसं सांगून ठेवलं होतं.

बाबा उठले, चपला घातल्या. दारात काकीला म्हणाले, "टीवी चांगलो आसा. चित्र साफ दिसता."

मी त्या मुलीला फोन केला. मला भांडायचं होतं. ती आनंदात होती. "ताई, तोच सीन सगळ्यात जास्त शेअर होतोय. बाबांना सांगा ना."

"ते माझ्याबद्दल होतं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "हो, पण ते कुठे कोणाला कळणारे? आणि आम्ही प्रेमानेच घेतलंय ताई. एवढं ओरिजनल आम्हाला लिहिता आलं नसतं."

तिच्या मनात वाईट नव्हतं. मला त्याचाच जास्त त्रास होतो. वाईट असतं तर मी तिला चोर म्हणून मोकळी झाले असते. जुनी मालिका तिलाही मनापासून आवडली होती. पण तिच्या लक्षात एवढंच राहिलं की लोक पोस्टमनच्या वेळी हसायचे. कोणावर हसायचे ते तिने कधी पडवीत बसून बघितलं नव्हतं. आणि मी, जिने बघितलं होतं, माझं नाव लागणार या आनंदात तिला एकदाही विचारलं नाही की या गाऱ्हाण्याचं तुम्ही करणार काय. बाबांनी परवानगीसाठी माझ्याकडे बघितलं होतं. मान मी हलवली होती.

जत्रा तीन आठवड्यांवर होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर काकी मला ऐकू जाईल अशा आवाजात कोणाला तरी सांगत होती, "आता तेच्या कानात काय सांगा नको हां. टीवीत येतला." तिने ते गमतीने म्हटलं असेल. पण चार दिवसांनी मुंबईहून एकाचा फोन आला की यंदा माझं गाऱ्हाणं राहू दे, मी नुसता पाया पडेन. मुलाचं व्यसन सुटावं म्हणून दरवर्षी नारळ ठेवणारा माणूस तो.

मी बाबांना म्हटलं, "चूक माझी. मी सगळ्यांका सांगतंय."

"काय सांगतलंस?"

"तुमका म्हायत नव्हता म्हणान."

"म्हायत नव्हता हे काय सांगूचा? तू हुतंस ना थंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते कोयतीला धार लावत होते. अंगठ्याने धार बघत म्हणाले, "सांगूक उभो ऱ्हवलंय की माका तो हसण्याचो आवाज येतलो. मधीच. कसा घालू ता बघूचा लागात."

जत्रेच्या दिवशी सकाळी ते देवळात गेले. मी बायकांमध्ये मागे उभी राहिले. लोक नारळ घेऊन येत होते. दरवर्षीपेक्षा कमी होते, पण होते. व्यसनी मुलाचा बापही बराच वेळ खांबाला टेकून उभा राहिला आणि शेवटी पुढे आला. बाबांनी कान त्याच्या तोंडाशी नेला. मग ते देवाकडे वळले. समोर दोन-तीन मोबाइल वर झाले होते. बाबांनी ते बघितले.

त्यांनी गाऱ्हाणं घातलं, पण आवाज काढला नाही. फक्त ओठ हलत होते. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्यालाही शब्द कळत नव्हते. व्हय म्हाराजा कुठे म्हणायचं ते लोकांना समजेना. पहिल्या वेळी कोणीच म्हटलं नाही. बाबा थांबले आणि तसेच उभे राहिले, वाट बघत. मग कोणीतरी अंदाजाने म्हटलं, आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून. तेव्हापासून ते थांबले की लोक म्हणू लागले. काय मागितलं जातंय ते माहीत नसताना सगळं देऊळ हो म्हणत होतं. मोबाइल एकेक करून खाली आले.

इतरांचे नारळ संपले की शेवटी बाबा आमच्या घरचं गाऱ्हाणं घालतात. त्यात दरवर्षी माझ्यासाठी एक वाक्य असतं. यंदाही त्यांनी आमचा नारळ ठेवला, ओठ हलले, ते तीनदा थांबले. मी मागून तीनदा व्हय म्हाराजा म्हटलं. बाबांच्या त्या तीन वाक्यांत मी होते की नव्हते, मला कळलं नाही. घरी येताना विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.