बिनमुंडक्याच्या भुताची गोळी

पांडेसऱ्यात एका हातगाडीवर गमबूट टांगलेले दिसले आणि उन्हात तापलेल्या रबराच्या वासासरशी मला बमरोलीची आमची लहानपणीची खोली आठवली. तेव्हा टीव्हीवर भुतांना औषध देणाऱ्या कंपाउंडरची एक वेडगळ मालिका लागायची. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून दमून येणारे वडील एरवी फारसे हसत नसत, पण ती बघताना खोकला लागेपर्यंत हसायचे. एकदा एक बिनमुंडक्याचं भूत डोकेदुखीची गोळी मागायला आलं, कंपाउंडर विचारात पडला, भाग तिथेच संपला, आणि पुढच्या आठवड्यात त्या वेळेला चक्क भजनांची स्पर्धा सुरू झाली. मी हिरमुसून बसलो होतो, तेवढ्यात वडील दारात येऊन म्हणाले, "बंद पडनी." आई भाकरी थापता थापता टीव्हीकडे बघून हसली, "हा, तठे आते दुसरंच कायतरी लायेल शे." मग तिला त्यांच्या हातातले गमबूट दिसले. ते बूट कायम मिलमध्येच राहायचे, घरी कधीच यायचे नाहीत. तिचा हात परातीतच थांबला. वडिलांनी बूट कोपऱ्यात ठेवले, त्यांतून निळं पाणी फरशीवर ओघळलं, पण पुसायला कुणी उठलं नाही. टीव्हीवर भजन चालूच राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "मंग त्या भूतले गोळी दिन्ही का?" मी म्हणालो, "दिन्ही." "बरं जयं," ते म्हणाले. "भाई, कयो नंबर?" हातगाडीवाल्याने गमबुटांकडे बोट दाखवत गुजरातीत विचारलं, आणि मला वडिलांच्या पायाचं माप काही आठवेना.