कौसाबाईची तीट

मोरिवलीत तिशीच्या आतलं कुठलंही माणूस धरा, त्याचं पहिलं न्हाणं कौसाबाईच्या हातचं. पाटावर बसून पाय पसरायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं आणि तेल चोळता चोळता त्याच्या आजीपासून बापापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा. कंपनीत सुपरवायझर म्हणून मिरवणाऱ्यांनाही ती भर रस्त्यात ऐकवायची, की मेल्या, तुझं नाक मी ओढलं म्हणून दिसतंय तरी! न्हाणं झालं की गालावर काजळाची तीट. तीट लावल्याशिवाय बाळ आईच्या हातात द्यायचं नाही, हा तिचा कायदा. तिच्या पोटी मूल नव्हतं, नवराही कधीच गेलेला. गावची पोरं हाच तिचा संसार.

गेल्या माघात तिच्याच आळीतली भूपेश-प्राचीची सई गेली. चार वर्षांची पोर. तीन दिवस तापली आणि दवाखान्यातून परत आली ती चादरीत. आळीत कोणी गॅस पेटवला नाही. पहिल्या पाळीला गेलेले पुरुष कंपनीच्या गेटवरूनच माघारी फिरले. आळीतल्याच जयदेवच्या मुलाची त्याच दिवशी हळद, आणि आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा दणका. पण जयदेवने स्वतःहून डीजेची गाडी परत पाठवली. हळदीच्या मांडवात अख्खं गाव येऊन बसलं, सईसाठी.

प्राची मात्र रडत नव्हती. पोरीला मांडीवर घट्ट धरून बसलेली, कोणाला हात लावू देईना. नेण्याआधी पोरीला न्हाऊ घालायला हवं, हे सगळ्यांना कळत होतं, सांगणार कोण? शेवटी तीच बोलली, "कौसाकाकीला बोलवा. दुसऱ्या कोणाकडे मी द्यायची नाय."

कौसाबाईला बोलावणं आलं. मेलेल्या लेकराला न्हाऊ घातलेले हात पुन्हा बाळंतिणीच्या घरी चालत नाहीत, ही गावची रीत. शेजारच्या शलाकाचं बाळ बारा दिवसांचं. सकाळीच त्याला न्हाऊ घालून आली होती. आता हो म्हटलं, तर ते शेवटचं ठरणार. ती जराशी थांबली, खोटं कशाला बोला. मग पदर खोचून गेली.

पाणी तिने कोपराने पाहिलं, पोरीला चटका नको म्हणून. हळूहळू न्हाऊ घातलं, अंग पुसलं, आवडता फ्रॉक घातला. आणि हाताच्या सवयीने बोट काजळात बुडवून गालावर तीट लावली. वर म्हणालीही, "माझ्या बायला कोणाची नजर नको लागायला."

अगं बाई, हे काय केलं मी, म्हणत कौसाबाई पदराने पुसायला गेली. प्राचीने तिचा हात धरला.

"पुसू नको, काकी."

आणि तिचा बांध फुटला. मांडवातला जयदेवसारखा आडदांड गडीही तोंड झाकून रडला. सई तीट लावूनच गेली.

त्यानंतर कौसाबाईला कोणी बोलावलं नाही. ताट यायचं, विचारपूस व्हायची. पण शलाकाच्या सासूने ओशाळून सांगितलं, की बाळाचं आता घरातच बघू. रीत ती रीत, रागवायचं कोणावर? कौसाबाईने पाट भिंतीला उभा केला. सकाळी बाळाचं रडणं ऐकू आलं, की ती एकटीच बसून ओरडायची, अगं मानेखाली हात धर, मानेखाली!

सईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दारात प्राची उभी. कडेवर शलाकाचं बाळ. मागे तेलाची वाटी घेतलेली शलाका, आणि तिच्या मागे मान खाली घालून सासू.

"काकी, पाणी तापलंय."

कौसाबाईने दोन्ही तळवे पुढे केले. "या हातांनी मी सईला..."

"त्याच हातांनी," प्राची म्हणाली.

न्हाणं झालं. तीट लावायला मात्र कौसाबाईचा हात उचलेना. प्राचीने तिचं बोट धरलं, काजळात बुडवलं आणि बाळाच्या गालाला टेकवलं. दोघी बराच वेळ रडल्या. मग नाक पुसून कौसाबाई शलाकावर खेकसली, की चौदा दिवसांत पोराचं डोकं किती वाकडं करून ठेवलंय तुम्ही.