परबांच्या लुगड्याचा रंग शोधायला मसुऱ्याला

त्या वर्षी मार्चमध्ये एक माणूस मी रंगवलेला फोटो घेऊन परत आला. गिरगावातल्या स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंमध्ये रंग भरण्याचं काम मी तेव्हा आठ-नऊ वर्षं करत होते. गालाला गुलाबी, दागिन्यांना पिवळा, मागच्या पडद्याला निळा. फोटो परत आणणारे बरेच भेटायचे, पण ते भांडायचे. हा भांडला नाही. फोटो टेबलावर ठेवून उभा राहिला.

"लुगडं हिरवं नव्हतं ताई," तो म्हणाला.

"मग कोणतं होतं?"

त्याला सांगता येईना. लाल म्हणाला, मग मान हलवली. काळपट म्हणाला, तेही खोडून काढलं. वामन परब त्यांचं नाव, गोदीत कारकून होते. फोटो बायकोचा. ती दोन वर्षांपूर्वी गावी तापानं गेली होती आणि तिचा तेवढाच एक फोटो होता. फोटोत लुगडं गडद दिसत होतं, आणि सवाष्ण बाई म्हणून मी विचार न करता हिरवी बाटली उघडली होती.

"लुगडं घरी ट्रंकेत आहे," ते म्हणाले. "मसुऱ्याला. कधी आलात आमच्या बाजूला तर आई दाखवेल."

असं लोक बोलतात आणि कोणी जात नाही. पण त्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांनी दगा दिला. दुपारनंतर सगळे चेहरे एकसारखे दिसायला लागले. डॉक्टरांनी महिनाभर ब्रश हातात घेऊ नका म्हणून सांगितलं. खरं तर डोळ्यांच्या आधी मीच थकले होते. सकाळी बाटल्यांची झाकणं उघडायचाही कंटाळा यायचा. माझे वडील, अण्णा, छापखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "नाहीतरी बसून राहायचं, तर बोटीत बसू." मी परबांना विचारलं, त्यांनी घरी पत्र टाकलं, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही निघालो. निघताना शेठनी स्टुडिओतला जुना, दोन भिंगांचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. आत एक रोल, बारा फोटोंचा. "डोळ्यांना विश्रांती म्हणजे डोळे मिटणं नव्हे," असं काहीतरी ते म्हणाले. मी तोवर स्वतः फोटो असा काढलाच नव्हता. दुसऱ्यांनी काढलेले रंगवत होते.

आता मालवणला जाणारे तुम्ही रात्रीच्या गाडीनं कुडाळला उतरता आणि नाश्त्याला मालवणात असता. तेव्हा रस्त्यानं जायचं तर कोल्हापूरवरून घाट उतरून हाडं खिळखिळी व्हायची. म्हणून लोक बोटीनं जात. भाऊच्या धक्क्यावर सकाळी लवकर जाऊन डेकवर सतरंजी टाकायची आणि जागा धरायची. भोवती ट्रंका, बारदानात शिवलेली गाठोडी, पिंजऱ्यात कोंबडी, आणि पाव तासात सगळ्यांची एकमेकांशी ओळख. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग हे जिल्ह्याचं नाव पुष्कळ नंतरचं. अण्णांना बोट लागली. त्यांना लिंबू हुंगायला देत मी दिवसभर बसून राहिले आणि मला कशाचंही कौतुक वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बोट विजयदुर्गाच्या खाडीत थांबली. किल्ल्याचा तट पाण्यातून सरळ वर आलेला. लोक कठड्याशी गोळा झाले. मीही गेले, कॅमेऱ्यात वरून डोकावले, आणि माझ्या लक्षात आलं की समुद्र निळा नाही. बोटीजवळ तो शेवाळी काळा होता, तटाखाली राखेसारखा आणि मधे कुठेतरी ताकासारखा पांढुरका. मी आजवर शेकडो फोटोंत समुद्राच्या पडद्याला एकाच बाटलीतला निळा दिला होता. मला आनंद वाटायला हवा होता, पण लाज वाटली. फोटो काढला नाही.

मालवणला बोट बाहेरच थांबायची. होडीत उतरायचं म्हणजे एक पाय बोटीच्या शिडीवर, एक हवेत, आणि खालून होडीवाला ओरडतोय, "सोडा गो बाय, हात सोडा! मी धरलंय!" मी हात सोडला. अण्णांना मात्र दोघांनी पोत्यासारखं उतरवून घेतलं. किनाऱ्यावर चहा घेतला, गरम भजी खाल्ली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मसुऱ्याकडे जायला अर्ध्या वाटेपर्यंत बस मिळाली, पुढे बैलगाडी. उन्हानं जांभ्या दगडाची वाट तापली होती आणि धूळ इतकी की अण्णांचा पांढरा सदरा घरी पोचेपर्यंत विटकरी झाला.

परबांच्या आई दारातच उभ्या होत्या. साठीच्या, काटक, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. मी त्यांना काकी म्हणू लागले.

"इलास? वामनाचा पत्र इला होता. पाय धुवा, पेज तयार आसा."

उकड्या तांदळाची पेज, फणसाची भाजी आणि आमसुलांचं सार. अण्णा मासे खात नसत, तर काकींनी त्यांच्यासाठी पाच दिवस रोज फणसाचंच काहीतरी वेगळं केलं. जेवण झाल्यावर मी फोटो काढून दाखवला. रंगवलेला नव्हे, त्याचीच दुसरी कोरी प्रत, जी मी बरोबर आणली होती. काकींनी ती पदराला हात पुसून घेतली, लांब धरली, आणि म्हणाल्या, "होय. सुमन."

"लुगडं बघायला मिळेल का?"

"बघशात गो. आज दमलास. फाल्यां."

दुसऱ्या दिवशी विचारलं तर काकी काजूच्या बिया निवडत होत्या. म्हणाल्या, आज नको, आज अमावास्या. तिसऱ्या दिवशी गुरांचं काहीतरी निघालं. मी थकलेली होतेच, आता चिडले. रात्रीचं जेवण उरकल्यावर अण्णांना म्हटलं, "काकींना दाखवायचंच नसेल तर आपण उगाच का बसायचं?" अण्णा म्हणाले, "तुला घाई कसली? ब्रश तर हातात घ्यायचा नाही."

त्या तीन दिवसांत करायला काही नव्हतं, म्हणून मी कॅमेरा घेऊन मागेपुढे हिंडले. वरून काचेत बघायची सवय झाली. काचेत जग उलट्या बाजूचं दिसतं, डावं उजवीकडे. विहिरीवर ओल्या दगडाचा काळा आणि कोरड्या दगडाचा तांबूस यांच्यामधली रेघ मला अर्धा तास पुरली. मी रंग भरणारी, पण रंगांकडे कधी नीट बघितलं नव्हतं, आणि तेही मला काळा-पांढरा रोल घातल्यावर कळत होतं. चार फोटो काढले. दोन तर हात हलूनच गेले असणार, हे तिथंच कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी काकी अंगणात रातांबे फोडत बसल्या होत्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. ते फोडून बी काढायची, साली उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी त्याच फळाच्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असं रोज. पाऊस यायच्या आत संपवायचं असतं. अंगणभर चटयांवर साली पसरलेल्या. मी शेजारी बसले आणि मदत करू लागले.

मग काकी मान वर न करता म्हणाल्या, "लुगडा नाय गो बाय."

"म्हणजे?"

"ट्रंकेत लुगडा नाय. ता तिच्या अंगावर गेला."

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आषाढ होता. बोटी बंद, ओढ्यांना पूर, मुंबईला तार गेली पण मुलगा पाचव्या दिवशी पोचला. सुमन गेली त्या दिवशी पाऊस इतका की बाजारात जाऊन नवं लुगडं आणणं शक्य नव्हतं. घरात धडसं असं एकच होतं, तिच्या लग्नातलं.

"सवाशीण ती," काकी म्हणाल्या. "जुनेरात कशी पाठवतलंय? माझ्या हातान नेसयलंय. लाकडा भिजलेली. शेजारचे दोन बापये आणि मी." त्यांनी पुढचा रातांबा फोडला. "वामन इलो, तेना पयलो शब्द काय काढल्यान म्हायत आसा? 'आये, तिचा लग्नातला लुगडा जपान ठेव.' मी हूं म्हटलंय. काय सांगतलंय? तेचा तोंड बघून माझ्यान बोलवला नाय. मगे दिवस गेले तसा आणखीच कठीण झाला."

त्यांच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत रातांब्याचा रस लागला होता, त्यामुळे डोळे पुसता येईनात. मी माझ्या पदरानं पुसले.

थोड्या वेळानं त्या उठल्या. "रंग होयो मां तुका? ये." चटयांच्या कडेनं चालत त्या बोट दाखवू लागल्या. "ही आजची साला. ह्यो नाय. ही कालची. ह्योव नाय. ही बघ, तीनदा रसात बुडवलेली. उन्हात धर. असो होतो. लग्नात. मगे धुवन धुवन थोडो उतारलो."

मी ती साल उन्हात धरली. लाल नव्हती, काळी नव्हती. कडेला जांभळी आणि मधे, जिथून ऊन आरपार येत होतं, तिथं अंगार. परबांना माझ्या टेबलापाशी का सांगता आलं नाही ते मला कळलं.

डॉक्टरांचं ऐकलं नाही. पेटीत थोडे रंग होतेच. पडवीत पाट घेतला, कापूस काडीला गुंडाळला आणि कोऱ्या प्रतीवर काम सुरू केलं. काकी रातांबे फोडता फोडता येऊन बघायच्या. "काळो जास्ती झालो." मी पुसायचे. "आता लाल दिसता, नवरीसारखो. ह्या फोटोच्या येळेक चार वर्सा झालेली लग्नाक." पुन्हा पुसायचे. दोन दिवस गेले. एवढा वेळ एका लुगड्याला स्टुडिओत दिला असता तर शेठनी हाकलून दिलं असतं. शेवटी पाचव्या दिवशी, उन्हं कलताना, काकी आल्या, वाकल्या, आणि तोंडावर हात ठेवून मागे सरल्या.

"पुरे. आता हात लावू नको."

निघायच्या सकाळी त्यांनी माझा हात धरला. "वामनाक तूच सांग."

"मी? काकी, मी फक्त रंग भरणारी. हे मी कसं सांगू?"

"माझ्या तोंडातसून येवचा नाय. दोन वर्सा प्रयत्न करतंय."

गाडी जुंपेपर्यंत त्या पुन्हा चटयांवर वाकून साली उलटत बसल्या होत्या. मी कॅमेरा काढला. त्यांना हाक मारली असती तर पदर सारखा करून ताठ बसल्या असत्या, जसे सगळे आमच्या स्टुडिओत बसतात. मी हाक मारली नाही. वाकलेली पाठ, काळे पडलेले हात, चेहरा अर्धा. एकच फोटो काढला.

परतीच्या बोटीत अण्णांना बोट लागली नाही, पण मला ती सबंध वाट जड गेली. आपण दमून गेलो, आणि परत येताना दुसऱ्याचं ओझंही घेऊन आलो असं वाटत होतं.

परब आठ दिवसांनी स्टुडिओत आले. मी फोटो पुढे ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. टेबलाच्या दोन्ही कडा धरून वाकून बघत राहिले. "होच," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "आईनं लगेच दाखवलं लुगडं? माझ्या मागच्या खेपेला म्हणाली, ट्रंकेची चावी सापडत नाही."

मी मनात जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. "लुगडं नाही परब. ते वहिनींबरोबर गेलं. त्या दिवशी घरात दुसरं नव्हतं. तुमच्या आईंनी स्वतः नेसवलं."

ते बाकावर बसले. रस्त्यावरून ट्राम गेली, तिच्या आवाजात काही बोलले ते मला ऐकू आलं नाही.

"म्हणान चावी गावना नाय," ते हळू म्हणाले. मुंबईची भाषा सुटली होती. "आणि मी तिका ठेव म्हणान सांगलंय. तेवढ्या पावसात एकल्या बाईन सगळा केल्यान, आणि मी लुगड्याचा इचारलंय."

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून काकींचा फोटो दिला. उरलेला रोल मी गिरगावात संपवला होता आणि तोवर तो धुऊन झाला होता. बारातले सात आले होते, त्यांतला हा एक बरा. परबांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. इतका वेळ न रडलेला माणूस तिथं रडला.

"मोठा करून रंगवून देऊ का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "हिका रंग नको. ही आसा मां. जावन बघतंय."

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एका बोटीनं ते गेले.

प्रवास म्हणून या सहलीत सांगण्यासारखं थोडंच आहे. जाणार असाल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. ऊन सोसत असेल तरच. मसुऱ्याकडे आता चांगला रस्ता आहे, आणि अंगणात साली वाळत घातलेल्या अजून दिसतात असं ऐकते. मी पुन्हा गेले नाही. डोळे पुढे अधूच झाले. हेसुद्धा भाची लिहून घेते आहे. थकवाही त्या पाच दिवसांत गेला नव्हता. पण माझा कॅमेरा मी वर्षभरात घेतला, जुना, आणि रविवारी गिरगावात हिंडू लागले. मोठं असं काही हातून झालं नाही.

रंग भरायचं काम आणखी चार-पाच वर्षं केलं. फक्त विचारल्याशिवाय बाटली उघडायची नाही असं ठरवून टाकलं. गिऱ्हाइकं वैतागायची. एक वयस्क बाई नवऱ्याबरोबरचा जुना फोटो घेऊन आल्या होत्या. साडी कोणत्या रंगाची, म्हणून विचारलं.

"ते नाही बाई आता आठवत," त्या म्हणाल्या. "पण ती नेसले की हे घरी लवकर यायचे."

मी खूप वेळ विचार केला आणि फिकट पिवळा दिला. बाई न्यायला आल्या, चष्मा लावून बघत राहिल्या.

"हा असेलही," म्हणाल्या, आणि पिशवीत घालून घेऊन गेल्या.