गच्चीवरचे दक्षिणमुखी

आमच्या घरात सौर ऊर्जा आली ती उज्जैनच्या देवास गेटच्या भंगारवाल्याकडून, ई-रिक्षाच्या टपावर, सुतळीने करकचून बांधलेली. आमचे हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. एक हात बाहेर काढून टपावर दाबून धरलेला. सुतळीवर त्यांचा भरवसा नव्हता, स्वतःच्या हातावर होता. घरासमोर उतरले ते गड जिंकून आल्यासारखे.

"या पॅनलचा एक कोपरा तडकलाय," मी म्हटलं.

"म्हणून तर सस्त्यात मिळालं ना!"

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून या माणसाचा एकच सिद्धांत आहे. चांगल्या वस्तूचे पैसे मूर्ख लोक देतात. आपण बिघडलेली वस्तू घ्यायची आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून नीट करायची. असा नीट केलेला एक मिक्सर आमच्याकडे आहे, तो लावला की टीव्हीचं चित्र हलतं. असाच एक गीझरही होता, त्याच्याबद्दल मी बोलणार नाही.

पण या खेपेला मी फार तोंड सोडलं नाही. कारण सासूबाईंचा दमा. डॉक्टरांनी त्यांना औषधाची वाफ घ्यायचं मशीन दिलंय. तोंडावर मास्क लावायचा, बटण दाबायचं, घर्र घर्र करत पंधरा मिनिटांत छाती मोकळी होते. बटण दाबल्यावर मशीन चालायला मात्र लाइट लागते, आणि माधव नगरातल्या आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर उन्हाळा लागला की माहेरी जातो. सकाळी दहाला गेलेली लाइट कधी तीनला येते, कधी पाचला. मागच्या वैशाखात मशीन अर्ध्यात बंद पडलं होतं. मी वर्तमानपत्राने वारा घालत होते, हे पाठ चोळत होते आणि आई आमच्याकडे नुसत्या बघत होत्या. त्या दिवशी निभावलं. पण ती दुपार आम्ही दोघंही विसरलो नाही, आणि तिच्याबद्दल बोललोही नाही.

"नवा इन्व्हर्टर घ्या की सरळ," मी म्हटलं होतं.

"लाइटच नसली तर इन्व्हर्टर काय हवेवर चार्ज होणार? सूर्य बघ. ना बिल, ना मीटर. फुकट आहे, बिलकुल फुकट!"

हा 'फुकट' शब्द त्यांनी त्या महिन्यात इतक्यांदा उच्चारला की माझे कान किटले. आई खाटेवर बसून ऐकायच्या. त्या मुळात फुकटाच्या वाऱ्याला न उभ्या राहणाऱ्या. शेजारच्या काकूंकडून कढीची वाटी आली तर ती रिकामी परत जायची नाही, घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून जायची. मुलगा असा फुकट फुकट करत नाचतोय हे त्यांना आवडत नसणार, पण मुलापुढे त्या काय बोलणार?

तर पॅनल आलं. मग फ्रीगंजच्या बाजारात एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानातून इन्व्हर्टर मिळाला. बॅटरी आली ती ट्रकची. स्टँड आमच्या जुन्या लोखंडी पलंगाचे पाय कापून केला. बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जिंग दाखवणारा आकड्यांचा डबा असं सगळं जिन्याखाली मांडलं गेलं, आणि आमच्या झाडू-खराट्यांना बेघर व्हावं लागलं.

आता पॅनल गच्चीवर बसवायचं, तर ह्यांनी जाहीर केलं, "तोंड दक्षिणेला."

"दक्षिणेला?" आई खाटेवरून ताठ झाल्या. "यमाची दिशा ती. ज्यावर माझा श्वास चालवणार, त्याचं तोंड तू यमाकडे करतोस?"

खरं सांगते, ऐकायला ते मलाही बरं वाटलं नाही. ह्यांनी मोबाइल दाखवला, सूर्याचा मार्ग काढून दाखवला, नारळ आणि बॅटरी टॉर्च घेऊन प्रयोग केला. आई म्हणाल्या, "पूर्वेला कर. सूर्य पूर्वेला उगवतो, हे तरी मान्य आहे ना?" आठ दिवस पॅनल पूर्वेला होतं. सकाळी झकास चालायचं आणि दुपारी, म्हणजे लाइट जायच्याच वेळी, मान टाकायचं.

नवव्या दिवशी ह्यांना युक्ती सुचली. चहाचा कप हातात घेऊन आईच्या खाटेशी बसले. "आई, मला एक सांग. आपले महाकाल कोणत्या दिशेला तोंड करून बसलेत?"

आईंनी कपाळाला हात लावला. उज्जैनात जन्म गेलेल्या बाईला हे विचारायचं? महाकाल दक्षिणमुखी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"मग जे महाकालाला चालतं ते आपल्या पॅनलला का नाही चालणार? यमाकडे तोंड आहे म्हणूनच तर यम येत नाही!"

आईंनी हात जोडले. महाकालाला की पॅनलला ते कळलं नाही. संध्याकाळी पॅनल दक्षिणेला फिरलं आणि हे आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडले. आपण किती मोठा खड्डा खणून ठेवलाय याची त्या माणसाला कल्पना नव्हती. मलाही नव्हती म्हणा.

पहिले पंधरा दिवस गाडी सुरळीत चालली. भर दुपारी गल्लीत लाइट नाही आणि आमच्याकडे घर्र घर्र. शेजारच्या काकू बघून गेल्या. मीही ऑफिसात दोन-चार जणींना सांगितलं, खोटं कशाला बोलू. मग जिन्याखालचा आकडा उतरायला लागला. आज थोडा, उद्या आणखी थोडा. ह्यांनी बॅटरीचं पाणी बदललं. वायर बदलली. जाड वायर बदलून आणखी जाड घातली. रोज सकाळी दहाला मी ऑफिसला निघाले की हे फ्रीगंजला निघायचे, काहीतरी पार्ट आणायला, आणि बारा-साडेबाराला परत यायचे. घोडं कुठं पेंड खातंय ते काही सापडेना.

"अहो, एकदा वर जाऊन तरी बघा," मी म्हणायचे.

"वर काय बिघडणार? वर फक्त ऊन आहे. आणि माझे गुडघे काय म्हणतात ते तुला माहीत आहे." उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, आमचे हे जिन्याखाली बसून सूर्य हाकत होते.

रात्री जेवताना रोज एकच विषय. "पॅनलची तब्येत काही ठीक नाही." आई घास थांबवून विचारायच्या, "जास्त झालंय का रे?" हे मान हलवायचे. "कमजोर पडलंय."

तो रविवार होता. लाइट नऊलाच गेलेली. दीडच्या सुमारास आईंना दम लागला, आणि चांगलाच लागला. तोंडात मारायचा पंप मारून झाला, फरक नाही. मशीन लावलं. दोन मिनिटं घर्र घर्र झालं, मग इन्व्हर्टर किंचाळला आणि सगळं शांत. ह्यांनी ऑटोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबूजी, संडे है, बाहर की गाड़ियों का जाम लगा है, आधा घंटा पकड़ लो." अर्धा तास! आईंचे ओठ मला निळसर दिसायला लागले होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि पकड ढिली होत होती. मला भीती वाटली. बाकी काही नाही, नुसती भीती.

हे जिन्याखाली गुडघ्यांवर बसून टेस्टर लावत होते आणि मोठ्याने म्हणत होते, "इथे सगळं ठीक आहे! सगळं ठीक आहे ना इथे!" आवाज रडका झाला होता. मला काय झालं माहीत नाही, मी त्यांना ओढून उठवलं, आईंपाशी बसवलं, "मास्क धरा आणि ते बटण दाबत राहा," म्हटलं आणि स्वतः जिना चढून गच्चीवर गेले.

वर आमचे दक्षिणमुखी बसले होते.

काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत भस्माचे तीन आडवे पट्टे. मध्ये कुंकवाचा टिळा, माझ्या तळहाताएवढा. त्याखाली बेलाची पानं चंदनाने एक एक करून चिकटवलेली. वरून दूध ओतलेलं, ते उन्हात वाळून साय धरलेलं. तडकलेल्या कोपऱ्याला जास्वंद. पलंगाच्या पायाशी तांब्या, घंटी आणि विझलेली उदबत्ती. त्या पॅनलला ऊन दिसायला जागाच उरली नव्हती. खाली आमचा इंजिनीअर महिनाभर वायरी बदलत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी ओरडले. काय ओरडले ते छापण्यासारखं नाही. तांब्यात अर्धं पाणी होतं ते ओतलं आणि पदराने घासायला लागले. काच तव्यासारखी तापलेली. भस्म निघालं, चंदन निघेना, ते नखांनी खरवडलं. "देवा, माफ कर, पण आधी बाजूला हो," असं मी खरोखर म्हटलं. कोणाला म्हटलं ते विचारू नका. पानं भिरकावत होते, रडत होते, आणि एकदम जिन्यातून आवाज आला. घर्र. बंद झाला. पुन्हा घर्र. आणि मग तो चालूच राहिला.

मी तिथेच कठड्याला टेकून बसले.

खाली आले तेव्हा आईंच्या गालांवर रंग परत येत होता. मशीन थांबल्यावर त्यांनी मास्क काढला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "बघ, ऐकलं त्याने."

मी तोंड उघडलं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. मी ऑफिसात, हे फ्रीगंजला, आणि तेवढ्या वेळात ही दम्याची म्हातारी पायरी-पायरीवर बसत गच्ची चढायची. पॅनल कमजोर पडलंय म्हणून रोज पूजा वाढवायची, पूजा वाढली म्हणून पॅनल आणखी कमजोर, पॅनल कमजोर म्हणून हे पार्ट आणायला बाहेर, आणि हे बाहेर म्हणून पूजेला मोकळं रान! मला एकेकाची झडती घ्यायची होती. पण ह्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत राख, बोटांवर कुंकू. त्यांना कळलं. त्यांनी आईच्या डोक्यावरून मला बघत हळूच मान हलवली, नको. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाचं एवढं शहाणपण मी पहिल्यांदाच बघत होते. मी मूग गिळले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी, गुडघे धरून का होईना, वर चढून स्टँडच्या खालच्या बाजूला एक स्टीलची ताटली वेल्डिंग करून घेतली. आईंना सांगितलं, "आई, हे त्याचे चरण. मुखावर काही वाहायचं नाही, गरम असतं. फूल चरणांवर. आणि जिना बंद. तुझ्या वतीने ही वाहील." म्हणजे मी. आई म्हणाल्या, "बरोबर आहे. चरणांवरच वाहायचं असतं." माझं मत कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून मी ऑफिसला जाण्याआधी गच्चीवर जायला लागले. ओल्या फडक्याने काच पुसायचे, एक फूल ताटलीत ठेवायचे, खाली येऊन आकडा सांगायचे. बडबडायचे खूप, पण जायचे.

थंडीत एका सकाळी आम्ही दोघी उन्हात मटार सोलत बसलो होतो. आई एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या भस्मानेच बंद पडलं होतं ना ते?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पापडावर फडकं टाकलं तर तो वाळतो का? एवढं कळतं मला. पण तेव्हा नाही सुचलं बघ. तू हात धुवायला निघालीस, तेव्हा ते हात बघितले आणि कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?" त्यांनी दाणे वाटीत टाकले. "आणि तो बिचारा देवाचे चरण म्हणून ताटली बसवत होता. त्याचा कशाला हिरमोड करू?"

मला आता राग आला, खराखुरा. त्या रागात महिनोन् महिन्यांची भीती होती. "आई, तुम्हाला अंगणातून खोलीत येताना धाप लागते. वीस पायऱ्या चढत होतात रोज! जीव गेला असता तुमचा. कशासाठी हे सगळं?"

दाण्यांची वाटी भरली होती, आई त्यावरून हात फिरवत राहिल्या.

"तो सारखा म्हणायचा ना, फुकट, फुकट," त्या म्हणाल्या. "मी या वयात बसून नुसता श्वास घेतेय. मशीन तुमचं, धावपळ तुमची, ऊन त्याचं. अगं, कढीची वाटी आपण रिकामी परत करत नाही. इतका श्वास घेतला त्याच्याकडून, रिकाम्या हाताने कशी बसू?"

मी मटार सोलत राहिले, डोळ्यांत पाणी आलं तरी सोलत राहिले. त्यांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

आता मी बडबडत नाही. सकाळी वर जाते, काच पुसते, चरणांवर फूल ठेवते. खाली आल्यावर आई आकडा विचारत नाहीत, मीही सांगत नाही. "वाहिलंस?" एवढंच विचारतात. मी हो म्हणते, आणि त्या मास्क लावतात.