काय झालं?

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीबाहेर हिरवा पडदा आहे. तो हलला की बाकड्यांवरचे नातेवाईक उठून उभे राहतात आणि बाहेर येणाऱ्या आयाला एकच विचारतात, "काय झालं?" म्हणजे मुलगा की मुलगी. एवढ्या दोन शब्दांत सगळ्यांना सगळं समजतं.

पार्वतीबाई मात्र समजून घ्यायची नाही. दवाखाना जुन्या दगडी इमारतीत होता, एका खाटेवर दोघी बाळंतिणी निजायच्या, तेव्हापासून ती इथली आया. पुढं मजले चढले, रक्तपेढी आली, कमी वजनाच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या आल्या, फोन केला की भोकर-मुदखेडहून बाळंतिणीला आणणारी गाडी आली. बदललं नाही ते पडद्याबाहेरचं "काय झालं?" आणि पार्वतीबाईचं उत्तर.

"बाळंतपण झालं. जिनं केलं ती कशी हाय, ते इचारा आधी. मग सांगते."

भोकरच्या एका फेटेवाल्या आजोबांना तिनं असं तिष्ठत ठेवलं, की ते शेवटी शाळेतल्या पोरासारखे हात बांधून म्हणाले, "बाई, आमची सून कशी हाय?" मग कुठं त्यांना नात झाल्याचं कळलं. सिस्टर तिला रागवायच्या, पण हिच्यावर ढिम्म परिणाम नाही. बाईच्या जिवाची या लोकांना किंमत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा ते बरोबरही असायचं.

या उन्हाळ्यात तिची लेक धम्मप्रिया त्याच पडद्याआड गेली. पायांवर सूज, बीपी चढलेलं, डोळ्यांपुढं अंधारी. अशा कितीतरी बायका पार्वतीबाईनं पाहिल्या होत्या. बहुतेक हसत घरी गेल्या होत्या. ज्या गेल्या नाहीत, नेमके त्यांचेच चेहरे तिला आता आठवत होते. डॉक्टरांनी सिझर ठरवलं. ती सवयीनं आत निघाली, तर सिस्टरनं अडवलं.

"आज तुम्ही आया नाही, आई आहात. बाहेर बसा."

जावई संघपाल रक्ताची पिशवी आणायला रक्तपेढीकडं पळाला. पार्वतीबाई बाकड्यावर टेकली. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, "व्हईल बगा समदं नीट." हेच वाक्य पार्वतीबाई रोज दुसऱ्यांना ऐकवत आली होती. आज त्याचा तिला काडीचा आधार वाटला नाही.

पडदा हलला. तिच्याच हाताखाली शिकलेली शिवकांता बाहेर आली. तोंडाला मास्क, त्यामुळं चेहऱ्यावरून काही कळेना. पार्वतीबाई उठली. लेक कशी आहे, हे विचारायला तिनं तोंड उघडलं. पण उत्तर वाईट आलं तर? तिच्या तोंडून दुसरेच शब्द बाहेर पडले.

"काय झालं?"

शिवकांताला हसू आलं. "आधी बाळंतिणीचं इचार की, मावशी."

पार्वतीबाईला विचारता येईना. दाराची चौकट धरून ती नुसती मान हलवत राहिली. तेव्हा शिवकांता घाबरली. तिनं पटकन मास्क खाली ओढला.

"चांगली हाय गं धम्मप्रिया. बोलायलीय, तुलाच इचारायलीय. पोरगी झाली. लई मोठ्यानं रडली."

पार्वतीबाई मटकन खाली बसली आणि लोकांदेखत रडली. रडता रडता तिला ते भोकरचे आजोबा आठवले, त्यांचे बांधलेले हात आठवले. सुनेचं विचारायचा त्यांनाही धीर झाला नसेल, म्हणून त्यांनी सोपं तेवढं विचारलं असेल. सगळेच काही भीतीपोटी विचारत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण कोण भीतीनं विचारतो आणि कोण हावेनं, हे पडद्यापाशी उभं राहून ओळखता येत नाही.

आता ती पुन्हा कामावर आहे. पडदा हलतो, लोक उठतात. त्यांनी तोंड उघडायच्या आत पार्वतीबाईच सांगून टाकते, "बाळंतीण चांगली हाय."

मग त्यांचा जीव भांड्यात पडेपर्यंत थांबते आणि म्हणते, "हां, आता इचारा."