सूर्यास्तानंतरचं पाणी

सूर्य मावळला की आमच्या स्वयंपाकघराला कुलूप लागल्यासारखंच असतं. आम्ही शहाद्यातले मारवाडी जैन, ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, पोरीच्या शाळेत मराठी चालतं, पण चौविहार सगळीकडे तोच. दिवस बुडाला की अन्न नाही आणि पाण्याचा घोटही नाही. सक्ती कुणावर नाही असं सासूबाई म्हणतात. त्या फक्त बघतात. त्यांचं ते बघणं सोसण्यापेक्षा तहान सोसलेली परवडते.

अशा घरात माझ्या नणंदेनं सुरतेहून पोरीसाठी हॅमस्टर आणला. उंदरासारखा, मुठीत मावेल एवढा, बदामी रंगाचा. दिवसभर ढाराढूर झोपायचा आणि दिवेलागणीला उठून खायला बसायचा. म्हणजे पाहुणा आणायचा तर काय नेमका शोधून आणला होता! सासूबाईंनी एकच अट घातली, या घरात राहायचं तर घराच्या नेमानं. रोज सूर्यास्ताला त्या पिंजऱ्यातली वाटी आणि पाण्याची बाटली उचलून घ्यायच्या. ह्याचाही जन्म सुधारेल, म्हणायच्या. तो गालांत दाणे भरून ठेवायचा आणि रात्री गुपचूप खायचा, त्यामुळे धडधाकट होता तोवर निभावलं.

उन्हाळ्यात त्याच्या गालाखाली गाठ आली. खाणं सुटलं, डोळा चिकटायला लागला. घरातला एकुलता एक कूलर सासूबाईंच्या खोलीत, म्हणून पिंजरा तिकडे गेला. पोरगी शाळेतून आली की चप्पल न काढता आधी तिकडे धावायची आणि आजीची बोलणी खायची.

गावातले डॉक्टर गाईम्हशींचे. दिवसभर खेड्यापाड्यांत फिरायचे आणि संध्याकाळी घराच्या ओट्यावर जनावरं बघायचे. असला पेशंट आपण जन्मात पाहिला नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मोबाइलवर बराच वेळ वाचलं, कुण्या मित्राला फोन केला. मग म्हणाले, गाठ आतून पिकली आहे, त्याला चावता येत नाही. सुरतेला ऑपरेशन होईल, पण एवढासा जीव भुलीतून उठायचा तर आधी अंगात ताकद हवी. म्हणून सुई काढलेल्या सिरिंजनं पाणी आणि मुगाचं पातळ पाणी थेंबथेंब पाजायचं. तो जागा असेल तेव्हाच पाजायचं, म्हणजे रात्री. ते जमत नसेल तर एक इंजेक्शन देतो, झोपेतच जाईल.

इंजेक्शन म्हटल्याबरोबर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. ज्या घरात पीठ चाळताना निघालेली अळीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात, तिथे कोण हो म्हणणार? आमचे हे आईला बाई म्हणतात; ते म्हणाले, बाई म्हणतील तसं. दुकानात गिऱ्हाइकाला एका शब्दात उडवून लावणारा हा माणूस घरात आईच्या तोंडाकडे बघून बोलतो. पोरगी म्हणाली, पाजू या, ताकद आणू या आणि सुरतेला नेऊ या. तिनं तर सुरतेची पिशवीही भरून ठेवली. आता सगळं त्या रात्रीच्या पाण्यावर होतं.

आणि पाणी सासूबाईंच्या कपाटात. सेवा मी करते म्हणून सिरिंज त्यांनी स्वतःकडे घेतली. दिवसभर झोपलेल्या जिवाच्या तोंडाशी थेंब न्यायच्या, तो तोंड उघडत नसे. सूर्य बुडाला की सिरिंज कपाटात आणि किल्ली कमरेला. मग तो उठायचा. मी उपाश्रयात जाऊन साध्वीजींना विचारून आले. आजाऱ्याला सूट आहे, आणि मुक्या जनावरानं कसला नेम घेतलाय, असं त्या म्हणाल्या. मी ते घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, सूट त्यांनी सांगितली, मी घेत नाही. अहो, पण जीभ कुणाची कोरडी पडतेय? दुसऱ्याच्या घशावर तप करायला काय जातं?

एका संध्याकाळी पोरगी माझ्याकडे आली. रडत नव्हती, तेच वाईट होतं. म्हणाली, बाटली जिथे लटकते ना, ती तार चाटतोय तो. मी आत गेले. तो मागच्या पायांवर उभा राहून सुजलेलं तोंड तारेला लावून चाटत होता आणि सासूबाई शेजारी बसून माळ ओढत होत्या. मी किल्ली मागितली. एवढ्याशा जिवासाठी घराचा नेम मोडायचा का, असं त्यांनी मलाच विचारलं.

माझं माहेर रनाळ्याचं. संतापले की माझ्या तोंडून मारवाडी निघत नाही, अहिराणी निघते.

"बापूजी बी आशेच पानी मांगत गयात," मी म्हणाले.

बापूजी म्हणजे माझे सासरे. याच खोलीत, याच पलंगावर गेले. शेवटी शेवटी त्यांना माणूस ओळखू येत नव्हता, नेम कुठला आठवणार? दिवस बुडाला की लहान पोरासारखे पाणी मागायचे. सासूबाई म्हणायच्या, सकाळी. एका रात्री त्यांची सकाळ झालीच नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मी उच्चारलं, लागावं म्हणूनच. लागलं. त्यांच्या हातातली माळ थांबली. आवाज ऐकून आलेल्या ह्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सकाळी तो अंगानं गार पडला होता, नुसतं पोट हलत होतं. सुरतेपर्यंत तो आता टिकणार नव्हता. पोरीनं भरलेली पिशवी स्वतःच रिकामी केली. सासूबाईंनी आंघोळ केली, सामायिकाचं ध्यान केलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इंजेक्शन देऊन आणू. मागणारा जीव एकदा ऐकलाय, आता नको. अळी बाहेर सोडणारी बाई हे बोलत होती. मला कीव आली नाही, खरं सांगते. मी म्हणाले, तुम्हीही चला.

डॉक्टर तळोद्याकडे अडलेल्या गाईसाठी गेले होते. आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर पिंजरा घेऊन बसलो. ते आले तेव्हा अंधारून आलं होतं. त्यांनी हात धुतले, औषध भरलं. पिंजऱ्यात हालचाल झाली. त्याची वेळ झाली होती, तो उठला होता. मी डॉक्टरांना थांबवलं, त्यांच्याकडून सुई नसलेली सिरिंज मागून घेतली, पाणी भरलं आणि सासूबाईंच्या हातात दिली. म्हटलं, आधी तुम्ही पाजा.

त्यांनी एकदा बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं. मग त्याला ओच्यात घेतलं. त्यानं पुढच्या दोन्ही पंजांनी सिरिंज धरली, घट्ट. निम्मं पाणी गाठीवरून ओघळत होतं, तरी तो पीत होता. सिरिंज संपली तरी सोडेना. त्यांनी पुन्हा भरली. पुन्हा संपली. डॉक्टर इंजेक्शन हातात घेऊन उभे होते आणि त्या त्यांना थांबा, थांबा म्हणत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी सिरिंज माझ्यापुढे धरली, मी भरून दिली.

"एवढी तहान असते?" त्यांनी मला विचारलं.

"असते," मी म्हणाले, आणि त्यांच्या ओच्यातून त्याला उचलून डॉक्टरांकडे दिलं.