हिमनदीची आंबापोळी

उत्तर समुद्रातली एक अख्खी हिमनदी मी अंगणात वाळत घातली, आणि तिच्यावरचं पांढरं अस्वल माझ्या सासूबाईंनी दुधाबरोबर खाल्लं. दोन्ही गोष्टी आम्ही शुद्धीवर असताना केल्या.

आमचे हे तेव्हा एका आगबोटीवर कोठीचे कारकून होते. घरी यायचे तीन वर्षांतून एकदा. त्यांच्या बोटीतून हौशी साहेबलोक नॉर्वेच्याही वर बर्फ बघायला जात. (घरची ऊब सोडून हौसेने थंडी खायला जाणारी माणसं जगात आहेत, हे मला यांच्या पत्रांवरून कळलं.) त्यातल्या एका साहेबाने जाताना आपला जुना कॅमेरा यांना देऊन टाकला आणि आमच्या संसाराचं वाटोळं केलं. पत्रात 'मुलं कशी आहेत?' हे एका ओळीत, आणि सील नावाच्या जनावराच्या मिशा दोन पानांत. मुलाला गोवर आला, असं मी कळवलं तर उत्तर आलं, 'इकडेही हवा चांगली नाही. चार दिवस उजेडच मिळाला नाही.'

माझं मागणं एकच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला लाकडी झडपं होती. ती लावली की अंधार, उघडली की वाऱ्याने चूल विझे आणि मांजर मासळी नेई. तीन वर्षं दर पत्राच्या शेवटी मी लिहीत होते, 'खिडकीला काचा पाहिजेत.'

आणि एका चैत्रात पत्र आलं. 'पेठेतल्या वकिलांनी फोटो काढायचं दुकान थाटायला आपली खोली देऊ केली आहे. आधी त्यांना माझं काम बघायचं आहे. शाळेत सगळ्या गावासमोर ते दाखवायचं ठरलं आहे. पसंत पडलं तर बोट सोडतो, कायमचा घरी येतो. पुढे एक पेटी पाठवली आहे. आत काचा आहेत. जपून उतरवून घे.'

ते पत्र मी दोनदा वाचलं आणि डोळे पुसले. (धुरामुळे.) माणूस घरी येणार, आणि त्याच्याआधी काचा येणार! सोळा वर्षांत एवढं सुख एका टपालात आलं नव्हतं. यांचं काम म्हणजे फोटो, आणि फोटो म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद. ते आपल्या ट्रंकेतून आणतील, यात मला शंका नव्हती.

पेटी उघडली तर बेचाळीस काचा. वीतभर लांब, आणि काळ्याकुट्ट.

"जुन्या दिसतात," मी म्हटलं. "कुणाच्या तरी धुराड्याजवळच्या खिडकीच्या काढलेल्या."

"माझ्या वामनाला कुणीही फसवतं गो," सासूबाई म्हणाल्या. "पण टाकू नको हां. काळ्यावर ऊन चांगलं धरतं. कातळावर दुपारचा पाय ठेवून बघ, भाजतो की नाही?"

त्या बोलल्या आणि माझं डोकं चाललं. (ते चाललं नसतं तर पुढचं काही झालं नसतं.) वैशाख लागला होता. आंब्याचे दोन हारे पिकून घमघमत होते आणि आंबापोळी घालायला ताटं पुरत नव्हती. सुतारही लग्नसराईत गुंतलेला. म्हटलं, तोवर काचा बसून का खातील?

काचेची एक बाजू गुळगुळीत, दुसरी जराशी खरखरीत. रस घसरू नये म्हणून मी खरखरीत बाजू वर घेतली. तूप लावायला गेले तर सासूबाईंनी वाटी काढून घेतली. "काचेला कशाला तूप? लग्न आहे तिचं?"

पोळी अशी वाळली की विचारू नका. ताटात पाच दिवस घेणारी पोळी तिसऱ्या दिवशी कडेने सुटली. मी ती सोलली आणि खाली काच लख्ख! पलीकडचा फणस पानन् पान दिसू लागला.

"आंब्याने मळ काढला," मी म्हटलं.

"आंबाच तो," सासूबाई म्हणाल्या. "चिंचेपेक्षा बरा."

मग मात्र मी थांबले नाही. बेचाळीसच्या बेचाळीस काचा आंब्याने साफ केल्या. मळ कुठे गेला, हा प्रश्न आम्हा दोघींनाही पडला नाही. पोळी मागून जरा काळपट दिसत होती, पण खाताना पोळी उलटी करून कोण बघतो? शेजाऱ्यांना वाटली. राजापूरला नणंदेकडे डबा भरून पाठवली. तिचा निरोप आला, 'पोळी पोचली. जरा औषधी लागते, पण पोट साफ होतं.' सुतार आला, त्याने काचा खिडकीला बसवल्या, उरलेल्या फडताळाला. "वैनी, साहेबाच्या बंगल्यात नसतील अशा काचा," म्हणाला. मी त्यालाही पोळी दिली.

हे आले ते हसतमुखाने. आल्याआल्या चहाआधी विचारलं, "काचा कुठे आहेत?"

"खिडकीला."

"बरं. आणि माझ्या पेटीतल्या?"

"त्याच खिडकीला."

हे खिडकीपाशी गेले. काचेवर बोट फिरवलं. मग अगदी हळू विचारलं, "यांच्यावरचं कुठे गेलं?"

"काळं ना? निघालं. आंब्याने निघालं."

हे जमिनीवरच बसले. तिथे बसूनच मला सांगितलं की फोटो आधी काचेवर उमटतो, आणि तो उलटा असतो. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. बर्फ जितका शुभ्र, तितकी काच काळी. त्यांनी तीन वर्षं, बोटं सुजेपर्यंत उभं राहून, जगातला सगळ्यात पांढरा बर्फ टिपला होता.

डब्यात नऊ पोळ्या उरल्या होत्या. बाकीचा उत्तर ध्रुव राजापूरला गेला होता. यांनी एक पोळी उजेडात धरली. तांबूस उजेडात हिमनदी होती, कडे होते, आणि मधोमध एक काळं अस्वल.

"हे पांढरं अस्वल आहे," हे म्हणाले.

सासूबाईंनी निरखून पाहिलं. "काळंच आहे रे. अस्वल काळंच असतं. मंडणगडच्या रानात माझ्या वडलांनी बघितलंय. याच्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलास?" आणि असलंच दुसरं अस्वल त्यांनी दुधात बुडवलं.

शाळेतला कार्यक्रम चार दिवसांवर होता. हे म्हणाले, रद्द करतो. इथे मी गप्प बसले असते तर हे घरी राहिले असते, असं मला अजून वाटतं. वकिलांनी पुढची तारीख दिली असती, यांनी गावचेच आंबे-माड टिपून दाखवले असते. पण मी व्यवहारी बाई. म्हटलं, "उजेडात दिसतंय ना? मग पडद्यावर का नाही दिसणार?"

पडद्यावर चित्रं पाडायचा शाळेचा मोठा कंदील होता. पोळ्या कात्रीने कापून मीच त्याच्या मापाच्या केल्या. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, गाव दाटीवाटीने बसलं, वकील पहिल्या खुर्चीत. हे उभे राहिले आणि फार सुंदर बोलले. यांना एवढं बोलता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मग पहिली पोळी आत सरकवली.

पडद्यावर हिमनदी उमटली. केशरी होती, पण उमटली. मागचे लोक माना उंचावून बघू लागले. यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले. तेवढा एक क्षण मी कमावला.

मग कंदील तापला. हिमनदीला मधोमध बुडबुडा आला. अस्वलाचं पोट सुटलं, पाय लांबले, आणि ते सावकाश पडद्यावरून वर वाहत गेलं. (त्या कंदिलात सगळं उलटं घालावं लागे, म्हणून वर.) शाळाभर शिजल्या आंब्याचा वास सुटला. मागून कुणीतरी विचारलं, "प्रसाद कधी वाटणार?" सगळी शाळा हसली. वकील नाकाला रुमाल लावून उठले आणि दारात यांना म्हणाले, "वामनराव, खोली मी फोटोंसाठी देणार होतो. हलवायासाठी नाही."

हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं आणि भांडणात पावसाळा लागून आगबोटी बंद झाल्या असत्या. आठव्या दिवशी यांनी ट्रंक भरली. "पुन्हा काढून आणतो," म्हणाले.

बंदरावर मी पोचवायला गेले. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात पाय ठेवण्याआधी हे वळले, गळ्यातला कॅमेरा उघडला आणि माझ्यावर रोखला. जन्मात माझा एक फोटो निघाला नव्हता. मी पदर सारखा केला, मान वर केली. रडत नव्हते.

"जरा बाजूला हो," हे म्हणाले. "मागे बगळा आहे."

मी बाजूला झाले. दोन महिन्यांनी पत्र आलं. बगळा उत्तम आला होता, फक्त एका कोपऱ्यात माझं कोपर आल्यामुळे तेवढा भाग कापावा लागला.

चूक माझीच. आणखी थोडं सरायला हवं होतं.